वाटेवरची नवलं आणि त्यांची नावं

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेलं भाषण)



निमंत्रण आलं तेव्हा मला विषय सुचवला होता 'प्रवासवर्णन : परंपरा आणि स्वरूप'. विषय भारदस्त आहे, आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिकारानं बोलणारी निदान चार माणसं या सभागृहातच बसलेली दिसताहेत. म्हणून मी संयोजकांना विनंती केली, की परंपरेबद्दल ते बोलतील, मला माझ्या एका चार दिवसांच्या प्रवासाबद्दल बोलू द्या. त्यांनी मोठ्या मनानं होकार दिला. प्रवास फार लांबचा नाही. देवास, धार, मांडू, बाग, महेश्वर, रावेरखेडी आणि परत देवास. आपल्यापैकी अनेकांनी यातली बहुतेक गावं पाहिली असतील. मीही पाहिली होती. पण थांबले नव्हते.

मी 2022 साली शाळेतून निवृत्त झाले. शाळेत इतिहास-भूगोल शिकवत असे. माध्यम हिंदी, घरची भाषा मराठी. गाडी चालवायला शिकले अठ्ठावन्नाव्या वर्षी. हायवेवर एकटीनं पहिल्यांदा गाडी काढली ती 2024 च्या जानेवारीत. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, सोबत कुणाला तरी घे." मी म्हटलं, "सोबत असली की गाडी थांबत नाही." हे मी सहज बोलून गेले, पण विचार केल्यावर लक्षात आलं की ते खरंच आहे. चार माणसं गाडीत असली की एकाला पोचायची घाई असते, एकाला भूक लागलेली असते, एकाला गाडी लागत असते, आणि चौथा म्हणतो, "त्यात काय बघायचंय? दगड तर आहे." एकट्या माणसाला दगडापाशी थांबता येतं. या प्रवासाचं कारणही एक दगडच होता. पण तो क्रमानं सांगते.

आमचे जुने प्रवासी चालत जात, म्हणून त्यांना थांबावंच लागे. 1857 च्या सुमाराला वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे याच महू-इंदूरच्या बाजूनं उत्तरेकडे गेले. त्यांचा 'माझा प्रवास' 1907 साली छापला गेला. आज आपण त्या पुस्तकाकडे बंडाची हकिगत म्हणून पाहतो, पण त्यातला जिवंतपणा धर्मशाळा, घाट आणि वाटेवरची माणसं यांचाही आहे. आता बायपास आले. बायपास म्हणजे गाव न पाहता गाव ओलांडायची सोय. ती हवी, मीही ती वापरते. पण तिची किंमत आहे, आणि ती भाषेला मोजावी लागते, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुरुवात माझ्या गावापासूनच करते. देवास हे मुळातच वाटेवरचं नवल आहे. एक गाव आणि दोन राज्यं. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांपासून थोरली पाती आणि धाकटी पाती झाल्या. गाव एकच, पण त्यात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार आणि दोन कारभार. 1948 मध्ये दोन्ही राज्यं मध्यभारतात विलीन होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. 1921 मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने इथे राहिला. पुढे 1953 मध्ये त्यानं त्या दिवसांवर पुस्तक काढलं, आणि त्याच्या नावात आमची टेकडी घातली.

त्या टेकडीवर दोन देवी आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा. गावात कुणीही त्यांना या नावांनी हाक मारत नाही. एक मोठी माता, एक छोटी माता. दोघी बहिणी मानल्या जातात. राज्याच्या दोन पात्या, देवीच्या दोन बहिणी, एक थोरली आणि एक धाकटी. लहानपणापासून मी ही नावं ऐकत आले. पण गाडी सुरू करून टेकडीच्या पायथ्यावरून निघाले तेव्हा पहिल्यांदाच मनात आलं, की या गावानं आपला सगळा राजकीय इतिहास दोन विशेषणांत जपून ठेवलाय. शाळेत मी देवासच्या विलीनीकरणावर टीप लिहायला लावत असे. 'मोठी माता-छोटी माता' ही नावं टिपेत यावीत असं मला कधी सुचलं नाही. याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांनी आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षं काढली, आणि माळव्याची लोकगीतं ऐकायला ते कान देऊन बसत. आम्ही त्यांच्या मैफलींना जात असू. त्यांनी ज्यांच्याकडून ऐकलं त्या बायका मात्र आमच्याच अंगणात भांडी घासत होत्या.

इंदूरच्या बायपासनं धारकडे वळले. धारचा लोखंडी खांब आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतो, निदान दिल्लीच्या खांबाचा थोरला भाऊ म्हणून. दिल्लीचा खांब सात मीटरांच्या वर आहे. धारचा अखंड असता तर सुमारे तेरा मीटर भरला असता. आज तो लाट मशिदीजवळ तीन तुकड्यांत आडवा पडलेला आहे. मशीद 1405 सालची, दिलावरखानानं बांधलेली. 'लाट' हे तिचं नाव खांबावरूनच पडलं. खांब परमारांच्या काळातला, बहुधा भोजाच्या वेळचा मानतात. गुजरातच्या बहादूरशहानं तो उचलून न्यायचा प्रयत्न केला आणि तेव्हा तो पडून मोडला, असं जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. अकबराच्या काळातला एक फारसी लेखही त्यावर आहे. म्हणजे एका खांबावर चार राजवटींच्या खुणा. भूगोलाच्या बाईंना एवढं पुरेसं होतं. वहीत लिहून घेतलं आणि बाहेर पडले.

बाहेर गाडीवर एक माणूस गराडू तळत होता. जानेवारीत माळव्यात गराडू न खाता पुढं जाणं म्हणजे पाप. खाता खाता त्याला विचारलं, "आत काय आहे हो?" मला माहीत होतं, पण तो काय सांगतो ते ऐकायचं होतं. तो म्हणाला, "तराज़ू की डंडी है." कुणाच्या तराजूची? "गांगली तेलन की." मग त्यानं सांगितलं, की गांगली तेलीण म्हणून एक अवाढव्य बाई होती. हा खांब तिच्या तराजूची दांडी आणि तिथले मोठाले दगड तिची वजनं. नालछ्याच्या रस्त्याला एक टेकडी लागते, ती तेलणीची टेकडी. धारला येताना ती तिथं थांबून अंगावरची धूळ झटकायची, त्या धुळीची टेकडी झाली.

मित्रहो, आपल्या सगळ्यांच्या तोंडी एक म्हण आहे : कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली. मी ती वर्गात हजारदा वापरली असेल. म्हणीत राजा मोठा आणि तेली क्षुद्र. आणि इथे, भोजाच्याच राजधानीत, रस्त्यावर गराडू तळणारा माणूस मला सांगत होता, की राजाचा विजयस्तंभ म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करतो ती एका तेलणीची तराजूची दांडी आहे. म्हणीनं ज्याला खाली ढकललं, त्याच नावाच्या बाईला कथेनं एवढं मोठं केलं की तिच्या झटकलेल्या धुळीची टेकडी व्हावी. कथा खरी नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण म्हण तरी कुठे खरी आहे? दोन्ही माणसांनीच रचलेल्या. एक पुस्तकात आली आणि दुसरी गराडूच्या गाडीपाशी राहिली. मी ज्या बाजूला बसून शिकवत होते, त्या बाजूला म्हण होती.

नालछ्याच्या वाटेला लागल्यावर मी टेकडी शोधली. अगदी साधी टेकडी आहे. गाडी उभी करून पाच मिनिटं बघितली. मागून हॉर्न वाजले म्हणून निघाले.

मांडूच्या आधी काकडाखोहची दरी लागते. तिथे गाड्या थांबतात, फोटो निघतात. पुढे शहराच्या वेशीपासून रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपल्यांत दुधी भोपळ्याएवढी, मखमली लव असलेली फळं असतात. मांडूची चिंच. झाडं पाहिलीत तर विसरणार नाही : प्रचंड फुगलेलं खोड आणि वर मुळांसारख्या फांद्या, जणू कुणी झाड उपटून उलटं रोवलंय. हा आफ्रिकेतला बाओबाब. इथे त्याला खुरासानी इमली म्हणतात. खुरासान हा इराणकडचा मुलूख, तिथे हे झाड उगवत नाही. मराठीत आपण त्याला गोरखचिंच म्हणतो. त्यात ना गोरखनाथांचा संबंध ना चिंचेचा, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते चिंचेच्या कुळातलं नाहीच.

मी एका बाईंकडून फळ घेतलं. त्यांनी ते दगडावर फोडून दिलं. आत पांढरा, भुगा झालेला, आंबट गर असतो. मी त्यांना सांगायला लागले, जुनी खोड, की बाई, हे झाड आफ्रिकेतलं आहे, खुरासानातलं नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, आंबट लागतंय ना? मग चिंच." मला हसू आलं. पण बघा, त्यांनी मला नामकरणाचा एक मोठा नियमच सांगितला. परकी वस्तू गावात आली की गाव तिला आपल्या जिभेनं ओळखतं. ती कुठून आली हे नंतर. 'खुरासानी' एवढंच सांगतं, की ही दूरून आली, मुसलमानी अमदानीत, कुठल्या तरी पश्चिमेकडच्या मुलखातून. दिशा बरोबर आहे, गाव चुकलंय. आपल्या मराठीतही अशी नावं कमी नाहीत. रामफळ-सीताफळ अमेरिकेतून आलेली, आणि आपण त्यांचं लग्न लावून मोकळे झालो.

आता तो दगड.

1991-92 चा सुमार असेल. मी सातवीला भूगोल शिकवत होते. खडकांचे प्रकार : अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित. दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना काम दिलं, की गावी जाल तिथून प्रत्येकानं एक दगड आणा. वसतिगृहात राहणारा एक मुलगा होता, कुक्षी-बागच्या बाजूचा. त्याचं नाव सांगत नाही. शांत, मागच्या बाकावर बसणारा. सुट्टीनंतर तो एक गोल दगड घेऊन आला, लहान कलिंगडाएवढा, जवळजवळ पूर्ण गोल. एका बाजूला शेंदराचा डाग होता. बसमधून तो मांडीवर ठेवून त्यानं आणला होता. मी विचारलं, "ये कौन-सी चट्टान है?" तो म्हणाला, "बाई, ये काकड़ भैरव है." वर्ग हसला. मी म्हटलं, "मैंने चट्टान पूछी है, भगवान नहीं." वर्ग आणखी हसला. आणि मीही हसले. ते हसू मला नीट आठवतं, कारण वाक्य जमलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. मग मी त्याला दगड बाहेर ठेवून यायला सांगितलं. तो बाहेर गेला, निंबाखाली ठेवून आला आणि बसला. त्यानंतर वर्षभर तो प्रश्नांची उत्तरं पुस्तकात जशी होती तशीच देत राहिला. स्वतःहून कधी काही आणलं नाही, कधी काही सांगितलं नाही. आठवीत तो शाळा सोडून गेला.

मी हे विसरून गेले होते. खरंच विसरले होते. तीस वर्षांत असे किती प्रसंग.

2023 च्या डिसेंबरात पेपरात बातमी आली. धार जिल्ह्यातल्या बागजवळच्या पाडल्या गावात लोक पिढ्यान्‌पिढ्या गोल दगडांची काकड़ भैरव म्हणून पूजा करत होते. तज्ज्ञांनी पाहिले तर ती डायनासोरची अंडी निघाली. टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य प्राण्यांची अंडी. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नर्मदा खोऱ्याच्या या भागातल्या 92 घरट्यांचा आणि 256 अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वय साडेसहा कोटी वर्षांच्या वर.

मी बातमी दोनदा वाचली. चहा तसाच राहिला. मग गाडीची चावी कुठे आहे ते बघितलं. बाकी सगळी ठिकाणं, धार, मांडू, ही वाटेवर होती म्हणून झाली. मला जायचं होतं ते बागला.

बाग गाव बाघिनी नदीच्या काठी आहे. ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध. नदीच्या पाण्यात धुतलेले तांबडे-काळे कापड वाळत घातलेले दिसतात. लेण्यांतली भित्तिचित्रं काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली, त्यामुळे लेण्यांत गेलात तर चित्रांच्या जागी बहुतेक भिंतच बघायला मिळते. दुपारी एका ढाब्यावर दाल-पानिये खाल्ले. मक्याचे पानिये, पळसाच्या पानांत भाजलेले. तिथून विचारत विचारत शेतांच्या वाटेला लागले. डांबरी संपली, मैलाच्या दगडांचे रंग बदलत गेले : आधी हिरवा, मग काळा, मग नारिंगी. आपल्याकडे रस्ता किती मोठ्या सरकारचा आहे हे दगडाच्या रंगावरून कळतं. पिवळा राष्ट्राचा, हिरवा राज्याचा, काळा जिल्ह्याचा, नारिंगी गावाचा. मी नारिंगीपर्यंत पोचले, आणि तोही संपला.

एका शेताच्या बांधावर झाडाखाली तीन दगड होते, शेंदूर लावलेले, पुढे नारळाची करवंटी. एक बाई गवत कापत होती, माझ्याच वयाची असावी. मी विचारलं, बघू का? ती म्हणाली, देवाला बघायला विचारतात का? मी बसले. हे तीन दगड अंडी आहेत की नुसते गोटे, ते ठरवणं माझ्या आवाक्यातलं नाही. मी तिला विचारलं, की तुम्ही बातमी ऐकली असेल ना, हे काय आहे म्हणतात ते? ती म्हणाली, "साहब लोग बोले अंडा है." आणि तुम्ही काय म्हणता? "हम तो भैरव बोलते हैं. अंडा हो तो भी खेत तो उसी का है ना."

मग मी तो प्रश्न विचारला, जो बत्तीस वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. काकड़ म्हणजे काय? तिनं विळ्यानंच दाखवलं. हे शेत, तो बांध, ती हद्द. काकड़. नांगर फिरतो तेव्हा हे दगड वर येतात. वर आले की कुणी फेकत नाही, बांधावर बसवतात. ते शेताची आणि ढोरांची राखण करतात.

मित्रहो, माझ्या हातात पुस्तकातली व्याख्या होती : जीवाश्म गाळाच्या खडकात सापडतात. त्या मुलाच्या तोंडी दोन शब्द होते. त्यातल्या पहिल्यानं हा दगड कुठे सापडतो ते सांगितलं होतं : शेतशिवारात, नांगरटीत. दुसऱ्यानं तो का टिकला ते सांगितलं होतं : देव झाला म्हणून कुणी फोडला नाही, भिंतीत लावला नाही. ज्या गोष्टीचं काय करायचं हे शास्त्राला कळेपर्यंत ती सांभाळून ठेवायची असते, तिला ठेवायची जागा म्हणजे नाव. मी विचारलं होतं की ही कुठली चट्टान? त्याचं उत्तरही त्या दगडातच होतं, गाळाचा खडक. मी फक्त एक प्रश्न पुढे विचारला असता, "काकड़ म्हणजे काय रे?", तर वर्गाला भूगोल आणि भाषा दोन्ही एकदम कळलं असतं. मी हसले आणि दोन्ही घालवलं.

मी असं म्हणत नाही की लोक सांगतात ते सगळं खरं. मी आयुष्यभर विज्ञानाच्या बाजूनं शिकवलं आणि अजूनही त्याच बाजूची आहे. भैरव पिकाची राखण करतो असं मी लिहिणार नाही. पण लोक असं म्हणतात, याच शब्दांत म्हणतात, आणि या कारणानं म्हणतात, हे लिहिणं विज्ञानाच्या विरुद्ध नाही. ती नोंद आहे. आणि नोंद न करता हसणं हे विज्ञान नव्हे.

त्या बाईला मी त्या मुलाचं नाव सांगून विचारलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, या नावाची इथं बरीच माणसं आहेत. मी पुढे शोधलं नाही. शोधून काय सांगणार होते, तेही मला माहीत नव्हतं.

रात्री कुक्षी, मनावर, धरमपुरी करत महेश्वरला मुक्कामाला आले. दुसऱ्या दिवशी बडवाहवरून नर्मदा ओलांडली, सनावदच्या पुढे बेडियाला आले. बेडिया म्हणजे मिरचीची मोठी बाजारपेठ. हिवाळ्यात रस्त्यालगतची शेतं तांबडी दिसतात, वाळत घातलेल्या मिरच्यांनी. काच वर केली तरी ठसका लागतो. तिथून आत वळलं की रावेरखेडी.

थोरल्या बाजीरावांचा मृत्यू इथे झाला, 28 एप्रिल 1740 रोजी, चाळिशीही पुरी झाली नव्हती. नर्मदेच्या काठी दगडी तटबंदीच्या आत समाधी आहे. मी तिथली पाटी मोठ्यानं वाचत होते, मनातल्या मनात मराठी करत. सावलीत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "महाराष्ट्र से आए हैं?" मी म्हटलं, "नहीं, देवास से." तो थोडा गोंधळला. "पर मराठी बोल रही थीं." मी म्हटलं, "देवास में भी बोलते हैं. दो-ढाई सौ साल से." तो हसला आणि म्हणाला, महाराष्ट्रातले लोक येतात, रडतात, फोटो काढतात आणि निघून जातात. बाकीचे दिवस आम्ही असतो.

ते वाक्य घेऊन मी परत आले. आपण, म्हणजे इंदूर-देवास-ग्वाल्हेरची, बडोद्याची, हैदराबादची, बेळगावची, गोव्याची मराठी माणसं, आपली भाषा सांभाळतो याचा आपल्याला अभिमान असतो, आणि तो रास्त आहे. पण आपण ती भाषा बहुतेक वेळा पाठीमागे बघून सांभाळतो. समाध्या, वाडे, बखरी. समाधीची राखण मात्र बाजूच्या गावातला निमाडी बोलणारा माणूस करत असतो. आपल्या दोन-अडीचशे वर्षांच्या मुक्कामाचं खरं धन हे, की आपण दोन भाषांच्या बांधावर बसलोत. त्या बाईच्या भाषेत सांगायचं तर आपण काकडावरचे आहोत. तिथे बसून आपण काय राखलं, हा प्रश्न आहे.

म्हणून शेवटी इथल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना तीन छोट्या गोष्टी सुचवते.

पहिली : वाटेवर काही विचित्र दिसलं, एकटा खांब, उलटं झाड, शेंदूर फासलेला गोटा, तर 'हे काय आहे?' असं विचारू नका. 'याला तुम्ही काय म्हणता?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक बिचकतात, आपली परीक्षा घेतली जातेय असं त्यांना वाटतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

दुसरी : पुस्तकातली माहिती आणि लोकांची कथा एकाच पानावर लिहा, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत. तेरा मीटरचा खांब एका परिच्छेदात, तेलणीची दांडी दुसऱ्यात. एकानं दुसऱ्याला खोडायचं नाही, आणि एकात दुसरं मिसळायचंही नाही.

तिसरी : ज्यानं सांगितलं त्याचे शब्द त्याच्या भाषेत लिहा. 'काकड़'चं मी लगेच 'शिवार' केलं असतं तर नांगरटीत दगड वर येण्याची सगळी गोष्टच निघून गेली असती. अर्थ खाली द्या, शब्द वर राहू द्या.

अकादमीला विनंती आहे, की या वार्षिकात दरवर्षी चार पानं अशा नोंदींसाठी ठेवावीत. प्रत्येक शाळेतून एक नोंद पुरे : एक वस्तू, तिचं तिथलं नाव, आणि ते सांगणाऱ्याचं गाव. लेख नको, अलंकार नकोत. पाच-दहा वर्षांत त्याची एक चांगली जाड वही होईल, आणि माझ्यासारख्या बाईंना हसण्याआधी ती उघडून बघता येईल.

परत आल्यावर मी एकदा शाळेत गेले. निंब अजून आहे. त्याच्याभोवती आता सिमेंटचा ओटा बांधलाय आणि पुढे दुचाक्या लागतात. मी ओट्याला एक फेरी मारली. शिपायानं विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?" मी म्हटलं, "हो, एक दगड." त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "कसा होता?"

आणि मग त्याला मी सगळं सांगितलं, अगदी आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच.